घुमी, भोचक आणि कुठवरकाका

सोमवारी सकाळी दहा वाजता मालकीणबाईंनी साबणाच्या वडीएवढ्या दोन डब्या कुठवरकाकांच्या टेबलावर ठेवल्या, एक काळी आणि एक करडी, आणि बक्षीस दिल्यासारखं हसून म्हणाल्या, "काका, यातली कुठली गाड्यांना लावायची ते तुम्हीच ठरवा. सुटलात बघा एकदाचे. आता दिवसभर फोन करत बसायला नको."

काका "बरं" म्हणाले. आपण बसलोय ती फांदी तोडायला कुणी कुऱ्हाड हातात द्यावी, वर धार बरोबर आहे ना तेवढं बघून घ्या म्हणावं, आणि माणसानं "बरं" म्हणावं, तसं.

कुठवरकाका हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. मालवाहतुकीच्या त्या कंपनीत अठरा ट्रक होते, आणि त्या अठरा ट्रकांच्या ड्रायव्हरांना दर दोन तासांनी फोन करून "कुठवर?" एवढंच विचारायचं, हे काकांचं गेल्या एकतीस वर्षांचं काम. अकरा, एक, तीन आणि पाच. ड्रायव्हर सांगेल ते ठिकाण वहीत लिहायचं, आणि ते खरं की खोटं हे समासात आपल्या अकलेनं लिहायचं. ड्रायव्हर मंडळींचं उत्तर ठरलेलं असे, "हा काय, पुलापाशी." गाडी स्वतःच्या घरासमोर उभी असो की चहाच्या टपरीसमोर, ड्रायव्हर कायम पुलापाशी. वहीवर विश्वास ठेवायचा झाला तर कंपनीच्या अठराच्या अठरा गाड्या एकतीस वर्षं त्या एकाच पुलावर मुक्कामाला होत्या.

पण काकांचे कान म्हणजे मांजराचे. फोनमधल्या धडधडीवरून गाडी कुठल्या गतिरोधकावर चढली हे ते सांगत, आणि भोंग्यावरून मागच्या गाडीचा रंगसुद्धा ओळखत, असं म्हणणारेही आहेत. एकदा सगळ्यात जुना ड्रायव्हर "पुलापाशी" म्हणाला, तर काका शांतपणे म्हणाले, "पुलावर न्हावी कधीपासून बसायला लागला?" ड्रायव्हरच्या कानाशी कात्री वाजत होती. त्या दिवसापासून त्यानं हजामत करायचं सोडलं ते सोडलंच. त्याचं नाव दाढी पडलं ते असं.

आता या कामातली एक गोष्ट काकांनी कुणाला कळू दिली नव्हती. दिवसाला बहात्तर फोन व्हायचे, आणि त्या बहात्तर फोनांखेरीज काकांशी बोलणारं जगात कुणी नव्हतं. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी समुद्रापलीकडे. ती दर रविवारी संध्याकाळी पाचला फोन करायची, औषध घेता ना, जेवता ना, पाय दुखत नाही ना, चला ठेवते. उत्तराला जागा न ठेवता प्रश्न विचारायची हातोटी तिनं आईकडून घेतली होती. घरात जेवणाच्या टेबलाशी दोन खुर्च्या होत्या. एकीवर काका बसत, दुसरीवर जुनी वर्तमानपत्रं. रविवारी दूधवाला आणि हा एक फोन सोडता तोंड उघडायचा प्रसंग यायचा नाही, त्यामुळे सोमवारी अकराच्या पहिल्या फोनाला काकांच्या गळ्यातून आवाजच निघत नसे. दाढी म्हणायचा, "काका, पत्रा घासल्यासारखं ऐकू येतंय. लाईन खराब आहे." काका म्हणायचे, "हो, लाईनच खराब आहे."

आणि "कुठवर?" ही नुसती प्रस्तावना असे. त्यापुढे कुणाच्या मुलीचं गणित, कुणाचा गुडघा, कुणाच्या गिअरबॉक्सचा खोकला. गवई नावाचा एक ड्रायव्हर होता, तो ठिकाण गाण्यात सांगायचा. हे सगळं आता त्या दोन डब्यांत जाणार होतं.

डब्यांबरोबर त्या विकणाऱ्या कंपनीचा इंजिनिअरही आला होता. पन्नाशीचा, टाय बांधलेला, आणि टायच्या आत घामेजलेला. त्यानं काकांना नीट समजावलं. जुनं टूजीचं जाळं आता बंद होत चाललंय, त्यामुळे स्वस्तातली जुनी यंत्रं बाद. राहिल्या या दोन. काळी डबी फोरजीवर चालते. धावत्या गाडीत एका टॉवरचा हात सुटायच्या आत दुसऱ्याचा धरते, आणि अर्ध्या अर्ध्या मिनिटाला आपण कुठे आहोत ते सांगत राहते. तिची भूक मोठी, पण ट्रकच्या बॅटरीवर तिचं पोट भरतं. करडीचं जाळं वेगळं. ती एका जागी पडून राहणाऱ्या वस्तूंसाठी. रोज सकाळी आठ वाजता एकदाच "मी इथं आहे" म्हणते आणि झोपते. तिची हाक तळघरातूनही पोचते, आणि एका बॅटरीवर ती वर्षानुवर्षं काढते. मात्र धावत्या गाडीत ती बावचळते. हा टॉवर सोडून तो धरणं तिला जमत नाही.

"म्हणजे ही भोचक," काळ्या डबीवर बोट ठेवून काका म्हणाले, "आणि ही घुमी."

इंजिनिअरला ते इतकं पटलं की त्यानं आपल्या कागदावर तसंच लिहून घेतलं. कंपनीचे माल भरायचे चाकांचे लोखंडी पिंजरे होते, ते गिऱ्हाइकांच्या तळघरांत महिनोन्‌महिने पडून असत. घुमी त्या पिंजऱ्यांना, भोचक ट्रकांना. रेंज कुठे जाते कुठे येते हे काकांइतकं कुणाला ठाऊक, म्हणून निवड त्यांची. दोन्हींची खोकी भरून ठेवून जातो, आठ दिवस लावून बघा, मी पुढच्या सोमवारी येतो.

"फक्त उलट करू नका, काका," तो जाता जाता म्हणाला. "पण उलट कोण करतंय म्हणा."

त्या संध्याकाळी काकांनी घरी बसून हिशोब केला. फोन गेले तर दिवसाला आपली वाक्यं किती उरतात? दूधवाल्याला "एकच द्या." लिफ्टमध्ये कुणी भेटलं तर "तिसरा." आणि पावसाची लक्षणं असली तर शेजाऱ्यांना "आभाळ आलंय." कोरडा दिवस निघाला तर दोनच. काका बराच वेळ समोरच्या खुर्चीवरच्या वर्तमानपत्रांकडे बघत बसले. एवढ्या बातम्या, पण एकीनंही तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कागद भरला. ट्रक: घुमी. पिंजरे: भोचक. कारणाच्या रकान्यात लिहिलं, "गाड्यांना शांत स्वभावाचं यंत्र बरं." मालकीणबाईंनी न वाचता सही केली. त्यांचे वडील काकांनी लिहिलेलं कधी वाचत नसत, त्याही वाचत नसत. घराण्याची रीतच होती.

बुधवारी सकाळी आठ वाजता घुम्या बोलल्या. पडद्यावरच्या नकाशात सतरा ट्रक आवारात उभे दिसले आणि अठरावा, परगावी मुक्कामाला असलेला गवई, एका प्रसूतिगृहाच्या दारात. तिथे तो चादरींचा माल उतरवत होता. मग घुम्या झोपल्या. साडेआठला गाड्या निघाल्या, नकाशाला त्याचा पत्ता नव्हता. दहाला आवारात, बाराला आवारात, आणि गवई आपला प्रसूतिगृहात.

मालकीणबाईंनी हौसेनं गिऱ्हाइकांना आणि ड्रायव्हरांच्या घरच्यांना फोनवर नकाशा बघायची सोय करून दिली होती. कंपनीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे औषधांचा घाऊक व्यापारी. त्याचा माल बाराला पोचायचा होता. साडेअकराला त्यानं नकाशा बघितला, ट्रक अजून आवारातच. तो तिरमिरीत गाडी काढून भांडायला आला. आवारात चिटपाखरू नव्हतं. हातात फोन धरून तो नकाशातल्या ठिपक्याच्या दिशेनं चालत गेला, आणि बरोब्बर ठिपक्यावर उभा राहून म्हणाला, "बाई, तुमचा नकाशा म्हणतोय की मी या क्षणाला ट्रकच्या इंजिनात उभा आहे."

तेवढ्यात काकांच्या फोनवर दाढी सांगत होता की ट्रक व्यापाऱ्याच्या गोदामाशी पोचला, पण कुलूप आहे. काकांनी व्यापाऱ्याला अदबीनं विचारलं, किल्ली कुठे असते? व्यापाऱ्यानं खिसा चाचपला. किल्ली खिशातच होती.

संध्याकाळपर्यंत गवयाची बायको, सासू आणि मेव्हणा असे तिघं टॅक्सी करून प्रसूतिगृहात दाखल झाले. तिथल्या नर्सला त्यांनी गवयाचं नाव घेऊन कुठली खोली म्हणून विचारलं. गवई तोवर दोन गावं पुढे गेला होता. पाचच्या फोनाला त्यानं ठिकाण गाण्यात सांगितलं नाही. साधं सांगितलं, तेही रडवेल्या आवाजात.

इकडे पिंजऱ्यांवरच्या भोचकांची वेगळीच कहाणी. त्यांना ट्रकची बॅटरी नाही, जवळची शिदोरी तेवढीच. ज्या दाराशी होत्या त्या अर्ध्या अर्ध्या मिनिटाला "मी इथंच आहे" सांगत राहिल्या. ज्या तळघरात होत्या त्या रेंज शोधत धाय मोकलून ओरडत राहिल्या, आणि ओरडून ओरडून शुक्रवारी सगळ्यांनी माना टाकल्या. जाता जाता दाराशी असलेल्या चाळीस भोचकांनी "बॅटरी संपत आहे" असा शेवटचा निरोप मालकीणबाईंच्या फोनवर पाठवला. त्या तेव्हा व्यापाऱ्याची समजूत घालत होत्या. चाळीस वेळा फोन थरथरला. व्यापारी म्हणाला, आधी तुमच्या माणसांचं बघा, कुणीतरी अत्यवस्थ दिसतंय. मग उठता उठता म्हणाला, पुढच्या शनिवारपर्यंत गाडी कुठे आहे हे मला दिसलं नाही, तर माझा माल दुसरीकडे.

नकाशा खोटा, म्हणून माणसाच्या आवाजाला आणखीच भाव आला. गुरुवारी काकांनी दोनशे अकरा फोन केले. गेल्या सहा वर्षांत इतका आनंदाचा दिवस त्यांना आठवत नव्हता. पण शनिवारी फाईल द्यायला ते आत गेले, तर मालकीणबाई दोन्ही हातांत डोकं धरून बसल्या होत्या. "बाबा असते तर त्यांनी असली यंत्रं घेतलीच नसती," त्या म्हणाल्या. "मीच हौस केली, काका." काका फाईल ठेवून बाहेर आले. त्या दिवशीचे पाचचे फोन त्यांनी भराभर उरकले. गवयाला गाऊही दिलं नाही.

सोमवारी इंजिनिअर आला. त्यानं पडदा बघितला, आवारातल्या एका ट्रकच्या खाली वाकून बघितलं, आणि सरळ काकांच्या टेबलाशी येऊन हळू आवाजात विचारलं, "काका, मी नीट समजावलं नव्हतं का?"

"नीट समजावलं होतं."

"मग तुम्हाला कळलं नव्हतं का?"

"कळलं होतं."

इंजिनिअरची नजर काकांच्या वहीवर गेली, मग फोनवर. फोनच्या आकड्यांवर बोटांनी खळगे पडले होते. त्यानं आत जाऊन मालकीणबाईंना सांगितलं की आमच्याकडून डब्यांवरची लेबलं उलटी लागली, चूक आमची, आज बदलून देतो. बाईंनी त्याला काय काय सुनावलं ते बाहेर टाईपसुद्धा करता आलं असतं, इतकं स्पष्ट ऐकू येत होतं. काकांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. मग उठले, बाह्या सरसावल्या, आणि अठरा ट्रकांवर अठरा भोचक स्वतःच्या हातानं बसवल्या. स्क्रूला एक वेढा जास्तच दिला.

मंगळवारी नकाशावर अठरा ठिपके मुंग्यांसारखे चालायला लागले. मालकीणबाई टाळ्या पिटायच्या तेवढ्या राहिल्या. त्यांनी काकांचा फोन स्वतः उचलून कपाटावर ठेवला, आणि त्या जागी पडदा. काका समोर बसले. दाढी पुलाच्या अलीकडे होता. गवई पुलाच्या पलीकडे होता. एकतीस वर्षांत पहिल्यांदा पुलावर खरोखर कोण आहे ते दिसत होतं, आणि पुलावर कुणीच नव्हतं. अकरा वाजले. काकांचा हात सवयीनं टेबलावर फोनच्या जागी गेला आणि पडद्याच्या कडेला लागून परत आला.

सव्वाअकराला दाढीचा ठिपका विझला. मग गवयाचा. साडेअकरापर्यंत अठराही ठिपके गेले. नकाशा पाटीसारखा कोरा.

"काका, फोन," मालकीणबाई ओरडल्या, आणि स्वतःच खुर्चीवर चढून कपाटावरचा फोन काढून दिला.

काकांनी दाढीला लावला. "कुठवर?"

"हा काय, पुलापाशी," दाढी म्हणाला, आणि मग सावकाश, सकाळी गाडी जरा थंडच सुरू झाली, मुलीला गणितात चांगले मार्क पडले, असं सगळं सांगितलं. फोन ठेवला आणि दोन मिनिटांत त्याचा ठिपका परत उगवला. ज्याच्याशी बोलणं होई त्याचा ठिपका उगवे. गवयानं दोन कडवी घेतली, त्याचा जरा उशिरा उगवला. साडेबाराला सगळं सुरळीत, फोन पुन्हा कपाटावर, आणि सव्वाला परत अंधार.

इंजिनिअरनं तीन दिवस जंग जंग पछाडलं. वायरी बदलल्या, डब्या बदलल्या, एका टेकडीवर चढून टॉवरशी उभा राहिला, तिथे त्याचा टाय काट्यात अडकला तो तिथेच राहिला. तो तापमान नोंदवी, ढग नोंदवी. शुक्रवारी दमून काकांच्या टेबलाशी बसला आणि आपल्या कागदावरच्या वेळा वाचायला लागला. ठिपके जातात सव्वाअकराला. सव्वाला. सव्वातीनला. सव्वापाचला.

"सूर्याचा काही संबंध असेल का हो?" त्यानं विचारलं.

काकांनी वही उघडली. हे वेळापत्रक त्यांनी एकतीस वर्षं पाळलं होतं. त्यात पंधरा मिनिटं तेवढी जास्त होती, म्हणजे वाट बघण्याची.

सहा वाजता गाड्या आवारात आल्या. काका दाढीच्या ट्रकमध्ये चढले आणि डॅशबोर्डखाली हात घातला. हाताला काहीतरी चुरचुरलं. भोचकच्या डोक्यावर पोळ्या गुंडाळायच्या चंदेरी कागदाची नीट घड्या घातलेली टोपी होती. रेंज आत जाणार नाही, बाहेर येणार नाही. टोपीला रबरबँड लावला होता, चटकन चढवायला आणि उतरवायला.

"हे काय?"

दाढीनं दाढी खाजवली. "टोपी."

"डोकं कुणाचं?"

"डोकं गवयाचं. कागद माझा. अठरा जणांना पुरवतोय. बायको विचारते, एवढा कागद जातो कुठे, जेवण तर तेवढंच आहे."

"अरे पण का?"

दाढी स्टिअरिंग पुसत राहिला. ते आधीच पुसलेलं होतं. "दिवसभर गाडीत एकटं असतो, काका. इंजिन बोलतं, पण ते एकच गोष्ट बोलतं. आता बाईंच्या पडद्यावर म्हणे आम्ही कुठवर आलो ते दिसतं. दिसत असेल. विचारत कुणी नाही."

काका शेजारच्या सीटवर बसले. टोपी सदऱ्याच्या खिशात घालत म्हणाले, "त्या आठवड्यात घुमी मी मुद्दाम लावली होती."

"ते सगळ्यांना माहीत आहे," दाढी म्हणाला. "एकतीस वर्षांत तुमच्या वहीत खाडाखोड नाही. एवढी मोठी चूक तुमच्या हातून चुकून कशी होईल?"

शनिवारी सकाळी काकांनी अहवाल लिहिला. ट्रकांना भोचक, पिंजऱ्यांना घुमी, कारण भोचकला पळता येतं आणि घुमीला झोपता येतं. खाली टीप: यंत्र सुरळीत चालण्यासाठी दर दोन तासांनी प्रत्येक ड्रायव्हरशी फोनवर बोलणे आवश्यक आहे. इंजिनिअरनं टीप दोनदा वाचली. मग काकांच्या सदऱ्याच्या खिशातून डोकावणारी चंदेरी कागदाची कड बघितली. आठवडाभराचा शीण त्याच्या चेहऱ्यावरून उतरला, आणि "तांत्रिकदृष्ट्या योग्य" असं लिहून त्यानं सही केली.

मालकीणबाईंनी मात्र या खेपेला घराण्याची रीत मोडून अहवाल वाचला.

"एवढं आधुनिक यंत्र," त्या म्हणाल्या, "आणि त्याला तुमचा फोन लागतो?"

"लागतो, बाई."

बाईंनी आधी त्यांच्याकडे बघितलं, मग खिडकीतून आवारात. तिथे अठरा ड्रायव्हर गाड्या सोडून एका रांगेत उभे होते, आणि कुणाच्या हातात कसला कागद नाही हे दाखवायला प्रत्येकानं हात मागे बांधले होते. बाईंनी सही केली. दुपारी व्यापाऱ्याचा फोन आला, गाडी नकाशात दिसतेय आणि दारातही दिसतेय. हे त्यानं तक्रारीच्या सुरात सांगितलं, पण माल दुसरीकडे गेला नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. काकांनी दूधवाल्याला "एकच द्या" सांगितलं आणि दिवसाचं बोलणं आटोपलं. अकरा वाजता ते भांडी विसळत होते, आणि फोन वाजला. मुलीची वेळ पाचची. काकांनी नळ तसाच वाहता सोडून ओल्या हातानं उचलला.

"कुठवर?" पलीकडून दाढी.

काकांनी स्वयंपाकघर बघितलं, दोन खुर्च्या बघितल्या. गळा खाकरला. "हा काय," ते म्हणाले, "पुलापाशी."

पलीकडे दाढी कान देऊन ऐकत होता.

"पुलावर नळ कधीपासून आला?"

एकला दुसऱ्याचा आला, तीनला तिसऱ्याचा. ड्रायव्हरांनी रविवार आपापसांत वाटून घेतले होते. पाचची पाळी गवयाची होती आणि त्याचा गळा त्या दिवशी मोकळा लागला होता, त्यामुळे समुद्रापलीकडून मुलीनं लावलेला फोन सहा वर्षांत पहिल्यांदा लागेना. एकदा नाही, चार वेळा. पाचव्यांदा लागला तेव्हा तिच्या आवाजात धाप होती.

"बाबा, होतात कुठे?"

आणि ती उत्तरासाठी थांबली.

"पुलापाशी," काका म्हणाले.

"पूल? कुठला पूल?"

काकांनी दुसऱ्या खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलून खाली ठेवली आणि पाय तिच्यावर टाकले.

"लांबचा आहे," ते म्हणाले. "वेळ आहे ना तुला?"